गिंब्री कोणासाठी थांबत नाही

ग्रेनोबलमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने काही वर्षांपूर्वी एका रविवारी मला एक गाणे पाठवले आणि खाली एवढेच लिहिले, "मावशी, याला ठेका लावून दाखव." शाळेत आणि महाविद्यालयात असताना मिळून आठ वर्षे मी तबला शिकले आहे, आणि घरात कोणतेही गाणे लागले की माझी बोटे आपोआप टेबलावर चालू लागतात ही खोड सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे हे आव्हान म्हणजे माझी चेष्टाच आहे, असे मला वाटले. गाणे 'ग्नावा दिफ्युझ्यों' या गटाचे होते. १९९२ साली ग्रेनोबलमध्येच स्थापन झालेल्या या गटाचा गायक अमाझिग कातेब हा अल्जिरियाचे नामवंत लेखक कातेब यासिन यांचा मुलगा. किशोरवयात तो फ्रान्सला आला आणि तिथे त्याने रेगे, रॅप आणि अल्जीअर्सच्या गल्ल्यांतले 'शाबी' संगीत एकत्र बांधले. गाण्यात गिटार होती, ड्रम होते, आणि या सगळ्याच्या तळाशी एक जाड, खर्जातला, किंचित झणझणणारा तंतुनाद होता, गिंब्री नावाच्या वाद्याचा, जो सुरू झाल्यावर शेवटपर्यंत हलला नाही. त्याच्या भोवती लोखंडी झांजांसारखे काहीतरी अखंड वाजत होते.

मी आधी केरवा लावला. चार आवर्तने छान बसली, पाचव्यात मी झांजांच्या पुढे गेले. मग दादरा धरून पाहिला. तोही थोडा वेळ बसला आणि मग मागे पडला. तासभर खटपट केल्यावर लक्षात आले की चूक माझ्या हाताची नसून माझ्या मोजणीची होती. त्या लोखंडी वाद्याचे, म्हणजे क्राकेबचे, एका मात्रेत तीन आघात पडतात. तिघांमध्ये समान अंतर ठेवले तर ती तिस्र जाती, म्हणजे मात्रेचे तीन भाग, आणि मधल्या आघाताला दुप्पट जागा दिली तर चतस्र, म्हणजे चार भाग. हे वादक त्या दोहोंच्या मधल्या जागेत राहतात. लय चढू लागली की ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतात, आणि तेही सगळे मिळून, कोणी खूण न करता. आपल्याकडे तिस्रातून चतस्रात जायचे तर ते ठरवून, दाखवून, श्रोत्यांची दाद घेत जायचे असते. इथे ते डोळ्यांदेखत सायंकाळचा उजेड बदलावा तसे होते.

मी भाच्याला फोन करून हार मान्य केली. तो म्हणाला, "मावशी, सगळे आधी हेच करतात." पुढे दोन-तीन वर्षे मी हे संगीत ऐकत, वाचत आणि शेवटी प्रत्यक्ष पाहत राहिले, आणि उत्तर आफ्रिकेतल्या या 'फ्यूजन'विषयी माझे एक मत तयार झाले. कोणते मिश्रण चांगले आणि कोणते पोकळ, हे मी आता एकाच प्रश्नावरून ठरवते: कोण कोणासाठी वाकले?

ग्नावा हे मोरोक्कोतल्या एका समाजाचे नाव आहे आणि त्यांच्या संगीताचेही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडून, आजच्या माली, नायजर आणि आसपासच्या प्रदेशांतून, शतकानुशतके जी माणसे गुलाम म्हणून उत्तरेकडे आणली गेली, त्यांचे हे वंशज. १५९१ साली मोरोक्कोच्या सुलतानाच्या फौजेने नायजर नदीकाठचे सोंघाई साम्राज्य मोडले, त्यानंतर हा ओघ वाढला. पुढे १६७२ ते १७२७ या काळात राज्य करणाऱ्या मौले इस्माइलने कृष्णवर्णीय सैनिकांची मोठी फौजच उभी केली. या लोकांनी इस्लाम स्वीकारला, सूफी पंथांची रीत उचलली, मोरोक्कोतले संत आपले मानले, आणि त्याच वेळी मागे राहिलेल्या मुलखातले देव आणि पूर्वजांचे आत्मे गाण्यांमध्ये लपवून सोबत आणले. त्यांच्या काही गाण्यांत आजही बाम्बारा भाषेचे शब्द सापडतात, आणि गाणाऱ्याला विचारले तर अर्थ सांगता येत नाही. शब्द राहिला, भाषा गेली.

त्यांच्या मुख्य विधीला 'लीला' म्हणतात. आपल्या लीलेशी त्याचा काही संबंध नाही. अरबीत त्याचा अर्थ केवळ रात्र. मात्र मराठी माणसाला हा विधी समजावून सांगताना फार शब्द खर्चावे लागत नाहीत, कारण जागरण-गोंधळ पाहिलेल्या माणसाला रात्रभर चालणारे गायन, ठराविक क्रमाने केलेले आवाहन आणि पहाटेच्या सुमारास कोणाच्या तरी अंगात येणे या गोष्टी नवीन नसतात. संध्याकाळी मोठे ढोल वाजवत मिरवणूक निघते, मग थट्टामस्करीची आणि नाचाची गाणी होतात, आणि मध्यरात्रीनंतर खरे काम सुरू होते. सात रंग, प्रत्येक रंगाचे आत्मे, प्रत्येकाची गाणी आणि प्रत्येकाचा धूप. सिदी मूसा समुद्राचा, म्हणून निळा. सिदी हम्मू रक्ताचा, म्हणून लाल. लल्ला मीरा पिवळी आणि हसरी. या आत्म्यांना 'म्लूक' म्हणतात, म्हणजे ज्यांची माणसावर सत्ता चालते ते. आपला 'मालक' हा शब्द त्याच अरबी धातूतून आलेला आहे. विधीची सूत्रे बहुधा एका स्त्रीकडे असतात, तिला मोकद्दमा म्हणतात. ज्याला बरे वाटावे म्हणून हे सगळे मांडलेले असते, त्याच्या अंगावर त्या त्या रंगाचे वस्त्र टाकले जाते, ऊद जाळला जातो, आणि मालेम त्या व्यक्तीकडे पाहत वाजवत राहतो. मालेम म्हणजे उस्ताद. पण मोरोक्कोत गवंड्यांच्या मिस्त्रीलाही मालेमच म्हणतात, आणि मला ते फार आवडते, कारण या संगीतात कलावंतपणापेक्षा कारागिरीचा मान मोठा आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, ज्याला जग आज 'ग्नावा फ्यूजन' म्हणते त्याचा कच्चा माल मुळातच मिश्र आहे. 'शुद्ध परंपरा' आणि 'आधुनिक भेसळ' अशी वाटणी करून त्यावर बोलायला लागले की पहिल्याच पायरीवर घसरायला होते. बाहेरच्या वाद्यांशी मैत्री करायची सवयही या संगीताला परदेशी पाहुण्यांनी लावली नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी कासाब्लांकाच्या हाय मोहम्मदी या कामगार वस्तीतून 'नास एल घिवान' हा गट पुढे आला. ही मंडळी तय्यिब सद्दीकी यांच्या नाटक मंडळीतून आलेली, म्हणजे रंगमंचाची जाण असलेली. त्या वेळी मोरोक्कोच्या रेडिओवर इजिप्तच्या मोठ्या वाद्यवृंदांचा आणि प्रेमगीतांचा प्रभाव होता. या तरुणांनी तो सगळा थाट बाजूला ठेवून बेंदीर ही मोठी डफ, पडदे काढून टाकलेला बँजो आणि गिंब्री एवढ्यावर गाणी बांधली, आणि शब्द घेतले ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे, सूफी पदांमधले, गरिबीचे आणि कडवट उपहासाचे. गिंब्री वाजवायला पुढे आले अब्देर्रहमान 'पाको', जे मूळचे मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या एसाविरा शहरातले ग्नावा मालेम होते. १९८१ साली अहमद एल मानूनी यांनी या गटावर चित्रपट केला, आणि अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये त्याची जुनी प्रत दुरुस्त करून पुन्हा दाखवली गेली. त्या चित्रपटातली गर्दी पाहण्यासारखी आहे. मंचावर चार-पाच माणसे साधी वाद्ये घेऊन उभी आहेत आणि समोरची पोरे अशी काही झुलत आहेत की कोणत्याही क्षणी कोणाच्या तरी अंगात येईल. विजेची एकही गिटार नाही, तरीही ते सर्वार्थाने आधुनिक संगीत आहे.

परदेशी पाहुण्यांची गोष्ट निघाली की एसाविरात एक दंतकथा हमखास ऐकवली जाते. अमेरिकी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स १९६९ च्या उन्हाळ्यात इथे काही दिवस राहून गेला, हे खरे. शेजारच्या दियाबात गावाजवळ वाळूत अर्धा गाडला गेलेला एक पडका वाडा आहे आणि हेंड्रिक्सचे वाळूच्या किल्ल्यांवरचे प्रसिद्ध गाणे त्यावरूनच सुचले, असे तिथले चहावाले शपथेवर सांगतात. ते गाणे १९६७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. मी हे तिथे कोणाला सांगितले नाही. चहा चांगला होता.

खरा पाहुणा शोधायचा तर तो रँडी वेस्टन. ब्रुकलिनचा हा जॅझ पियानोवादक १९६७ मध्ये अमेरिकी सरकारने आखलेल्या आफ्रिका दौऱ्यावर निघाला, दौऱ्यानंतर टँजिअरमध्ये राहायला आला आणि १९७२ पर्यंत तिथेच होता; त्याने तिथे संगीताचा क्लबही चालवला. टँजिअरचे मालेम अब्देल्ला एल गूर्द यांच्याशी त्याची गाठ पडली, ती आयुष्यभर टिकली. सिदी मूसाच्या निळ्या गाण्यावरून त्याने स्वतःची एक रचना केली, आणि १९९२ मध्ये तो माराकेशला परत आला तेव्हा अनेक मालेमांना एकत्र बसवून ध्वनिमुद्रण केले. त्या मुद्रणात पियानो जवळजवळ नाहीच. अख्खी तबकडी स्वतःच्या नावाने निघत असताना त्यात स्वतः एवढे कमी वाजवायला किती धीर लागतो, हे संगीत करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरा अमेरिकी जॅझ सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स. १९९४ साली निर्माता बिल लॅसवेल त्याला घेऊन एसाविराला आला, आणि मालेम महमूद गिनिया व त्यांच्या कुटुंबातल्या वादकांबरोबर जे मुद्रण झाले ते मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यातले मागचे आवाजही ओळखीचे झाले आहेत. सँडर्सचा सॅक्सोफोन म्हणजे किंकाळी फोडणारे वाद्य. जॅझमधल्या दिग्गज जॉन कोल्ट्रेनच्या शेजारी उभे राहून ज्याने श्वास वाढवला, त्याला कोणाला घाबरायचे कारण नव्हते. तरीही इथे तो दाराशी चपला काढून आत आल्यासारखा येतो. गिंब्री सुरू होते, क्राकेब सुरू होतात, गाणे आणि त्याला कोरसची झील असे बराच वेळ चालते, आणि मग कुठेतरी सॅक्सोफोन एक लांब स्वर लावतो, जो मालेमच्या हाकेला झील धरणाऱ्यांपैकीच एकाचा वाटतो. या मुद्रणाच्या काही दिवस आधी सँडर्सचा जुना सहकारी, गिटारवादक सनी शॅरॉक वारला होता. एक तुकडा त्याच्या स्मरणार्थ आहे. मला त्यात शोकापेक्षा संकोच जास्त ऐकू येतो, आणि तो संकोचच त्या मुद्रणाला इतका मोठा करतो, असे माझे मत आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये भाचा आणि मी एसाविराला गेलो. माराकेशहून बसने तीनेक तास लागतात. अठराव्या शतकात, १७६० च्या दशकात सुलतान मोहम्मद बिन अब्दल्ला याने हे बंदर आखून घेतले, त्यामुळे मोरोक्कोच्या इतर जुन्या शहरांसारखा गल्ल्यांचा गुंता इथे नाही. रस्ते सरळ आहेत आणि त्यांतून वारा बेफाम धावतो. बंदरावर निळ्या रंगाच्या होड्या, भाजलेल्या सार्डिनचा वास आणि आपल्या ताटातले आपल्याआधी बघणारे समुद्रपक्षी. तटबंदीच्या खालच्या कमानींमध्ये थुया नावाच्या सुगंधी लाकडाचे कारागीर बसतात, आणि त्यांच्या पलीकडच्या एका बोळात मला गिंब्री करणाऱ्या माणसाचे दुकान सापडले.

दुकान म्हणजे सहा फूट रुंद खोली. जमिनीवर लाकडाचा भुसा आणि मधोमध एक ओंडका, ज्याची एक बाजू पन्हळीसारखी कोरून काढलेली. गिंब्रीची पोकळ पेटी जोडकामाची नसते, एकाच खोडातून खणून काढतात. तोंडावर उंटाच्या मानेचे कातडे ओले असतानाच ताणून बसवतात. माझ्यासमोर त्याने ते पाण्यातून काढले, पिळले नाही, नुसते निथळू दिले, आणि पेटीवर पसरून कडेच्या भोकांतून चामड्याची दोरी ओवत ओवत मागच्या बाजूला आवळत नेली. तबल्याची पुडी मढवताना वादी ओढतात तशीच ती ओढ, आणि तसाच मधूनमधून अंगठ्याने दाबून घेतलेला अंदाज. मी न राहवून अंगठा पुढे केला, तेव्हा त्याने माझे मनगट धरून थोडे डावीकडे सरकवले. तिथे कातडे ढिले होते. आमच्या दोघांत समान भाषा नव्हती, भाचा फ्रेंचमध्ये काहीबाही बोलत होता, पण त्या क्षणी दुभाष्याची गरज पडली नाही.

तारा धातूच्या नसतात. बकरीच्या आतड्याच्या तीन ताती असतात. त्यांतली एक आखूड असते आणि ती सदैव मोकळीच वाजते, तिच्यावर बोट पडत नाही. खुंट्याही नाहीत. गोल दांड्यावर चामड्याच्या पट्ट्या गुंडाळून तात बांधतात आणि पट्टी वरखाली सरकवून सुरात आणतात, त्यामुळे जुळवणीला वेळ लागतो आणि ती टिकेलच याची हमी नसते. दांड्याच्या टोकाला कड्या लावलेला एक पत्रा खोचतात. त्याला सेरसेरा म्हणतात, आणि प्रत्येक स्वराबरोबर तो झणझणतो. पाश्चात्त्य ध्वनितंत्रज्ञांना तो आवाज दोष वाटावा यात नवल नाही. मला मात्र तो पहिल्यापासून जवळचा वाटला, कारण तंबोऱ्याची जवारी ऐकत वाढलेल्या कानाला स्वच्छ स्वर थोडा उघडाच वाटतो. शिवाय वादक तात छेडता छेडताच बोटांनी कातड्यावर आघात करतो, म्हणजे तंतुवाद्य आणि तालवाद्य एकाच हातात असते. म्हणून गिंब्रीला केवळ 'आफ्रिकी बास' म्हणणे मला अपुरे वाटते. बास गिटार इतरांना आधार देते; गिंब्रीभोवती इतरांनी फिरायचे असते.

ही गोष्ट मंचावर फार लवकर उघडी पडते. एसाविराचा ग्नावा महोत्सव १९९८ साली सुरू झाला, त्यामागे नैला ताझी यांचे संघटन होते आणि मालेम अब्देस्सलाम अलीकान यांच्यासारख्या जाणकारांचे संगीत-मार्गदर्शन. पहिल्या दिवशी सगळे मालेम आपापल्या गटांसह ढोल वाजवत जुन्या शहरातून मिरवत जातात, आणि रात्री मौले हसन चौकातल्या मोठ्या मंचावर समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात कार्यक्रम होतात. महोत्सवाची रीत अशी की बाहेरून आलेल्या कलावंतांना मालेमांबरोबर तालमीला बसवायचे आणि मगच एकत्र मंचावर आणायचे. अल्जिरियाचा ड्रमवादक करीम झियाद याने या जुळणीचे बरेच काम केले आहे. उत्तर आफ्रिकेतल्या तालांवरच तो वाढलेला असल्यामुळे क्राकेबची ती मधली जागा तो ड्रमच्या काठ्यांनी अचूक धरतो, आणि मालेम हामिद एल कासरी यांच्याबरोबरचे त्याचे काम ऐकताना ड्रम नंतर आले आहेत हे विसरायला होते. २०१८ मध्ये अमेरिकेचा 'स्नार्की पपी' हा जॅझ वाद्यवृंद याच एल कासरींबरोबर इथे वाजला होता. एवढी मोठी, एवढी तयार मंडळी, पण त्यांची हुशारी दिसते ती थांबण्यात. ब्रासचे तुकडे गाण्याच्या हाक-प्रतिसादातल्या रिकाम्या जागांत बसतात, गाण्यावर चढत नाहीत.

उलट अनुभव मला घराजवळच आला होता. पुण्यात एका सभागृहात काही वर्षांपूर्वी 'पूर्व-पश्चिम-आफ्रिका' छापाचा कार्यक्रम होता. पाहुणा आफ्रिकी तालवादक उत्तम होता, हे त्याच्या पहिल्या दोन मिनिटांत कळले. पण सगळा कार्यक्रम आधी संगणकावर तयार करून ठेवलेल्या पट्टीवर चालत होता आणि वादकांच्या कानात घड्याळासारखी टिकटिक सोडलेली होती. त्याचा ताल त्या टिकटिकीच्या किंचित मागे-पुढे जगणारा; प्रत्येक वेळी तो श्वास घ्यायला गेला की पट्टी त्याला ओढून सरळ रेषेत आणायची. शेवटी तबल्याबरोबर सवाल-जवाब झाला, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि निवेदकाने संगीताला सीमा नसतात असे सांगितले. सीमा होती, आणि ती त्या पाहुण्याच्या कानात वाजत होती.

म्हणजे यंत्रांना माझा विरोध आहे असे नाही. ब्रिटिश संगीतकार जेम्स होल्डन २०१४ मध्ये माराकेशला जाऊन महमूद गिनिया यांच्याबरोबर बसला, तेव्हा त्याने आपले सिंथेसायझर मालेमच्या मागे चालवले, मालेमला त्याच्या मागे नाही. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, महमूद गिनिया गेले. होल्डनने पुढे त्यांचा मुलगा हुसाम याच्याबरोबर काम चालू ठेवले. न्यूयॉर्कमधल्या मोरोक्कन मंडळींचा 'इनोव्ह ग्नावा' हा गट मालेम हसन बेन जाफर यांच्या नेतृत्वाखाली पारंपरिक गाणी गातो, आणि 'बोनोबो' या नावाने संगीत करणाऱ्या ब्रिटिश कलावंताने २०१७ मध्ये त्यांच्याबरोबर केलेले एक गाणे ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोहोचले. त्या गाण्यात नृत्यगृहाचा सरळ, चौकोनी ठोका आहे, म्हणजे माझ्या निकषावर ते नापास व्हायला हवे. तरी ते मला आवडते, आणि का आवडते याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. कदाचित गाणाऱ्यांनी आपले काहीच सोडलेले नाही म्हणून असेल.

वाकण्याचा हिशेब फक्त पाहुण्यांनाच लागू करणे अन्यायाचे होईल, कारण परंपरेलाही एका बाजूने वाकावे लागले आहे, आणि ती बाजू स्त्रियांची. मोकद्दमा विधी चालवते, पण गिंब्रीवर हात पुरुषाचा, असा दंडक. अल्जिरियात याच संगीताला 'दिवान' म्हणतात, आणि तिथल्या बेशार या वाळवंटी गावातली हस्ना एल बेशारिया दिवानच्या मालेमची मुलगी होती. ती गिंब्री वाजवायला शिकली, विजेची गिटारही वाजवायला शिकली, लग्नसमारंभांत बायकांसमोर अनेक वर्षे वाजवत राहिली, आणि पन्नाशीच्या सुमारास पॅरिसमार्गे जगाला कळली. २०२४ साली ती वारली. तिच्या गिटारवादनात गिंब्रीची चाल स्पष्ट ऐकू येते, म्हणजे तिने फ्यूजन केले ते घरातल्या घरात, कोणाला विचारायला न जाता. कासाब्लांकाची अस्मा हमझावी हीही मालेमची मुलगी. वडील रशीद हमझावी यांच्याकडून शिकली आणि मुलींचाच गट घेऊन मोठ्या मंचांवर गिंब्री वाजवते. गटाचे नाव 'बनात तिंबुक्तू', म्हणजे तिंबुक्तूच्या मुली. तिच्या संगीतात बाहेरचे वाद्य एकही नसते, आणि तरीही माझ्या लेखी ते सगळ्यात धीट नवे संगीत आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने ग्नावाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. मान मिळाला, दौरे वाढले, पोरे गिंब्रीकडे वळली. दुसरीकडे, रात्रभराची लीला मंचावर पाऊण तासाची होते, रंगांचा क्रम श्रोत्यांच्या सोयीने बदलतो, आणि ज्याला बरे करायचे तो माणूसच मध्यभागी नसतो. भाच्याचे म्हणणे असे की घरातल्या लीला चालू आहेत, मंच हा वेगळा धंदा आहे आणि दोन्ही करणारा मालेम दोन्हींतला फरक आपल्यापेक्षा चांगला जाणतो. मला ते बहुतांशी पटते. गोंधळी टीव्हीवर गेला म्हणून कुळाचार थांबला नाही, हे आपणही पाहतोच.

एक गोष्ट मात्र तिथे पाहताना सारखी मनात येत राहिली. ग्नावा आपला आध्यात्मिक मूळपुरुष म्हणून बिलाल यांना मानतात, जे गुलामीतून मुक्त झाले आणि इस्लाममधले पहिली बांग देणारे ठरले; एसाविरातल्या त्यांच्या जागेचे नावही सिदना बिलाल यांच्यावरूनच आहे. आपल्याकडचे सिद्दी लोकही बिलाल यांच्याशी नाते सांगतात. गुजरातेत रतनपूरच्या बावा गोर दर्ग्यावर ते ढोल वाजवून गोमा नाचतात आणि मलुंगा नावाचे धनुष्यासारखे वाद्य छेडतात. जंजिरा किल्ल्यामुळे सिद्दी हे नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकात येते, पण ते राजकारण आणि आरमारापुरते. त्यांच्या गाण्याविषयी शाळेत कोणी एक ओळ शिकवत नाही. ते आले पूर्व आफ्रिकेतून समुद्रमार्गे, ग्नावा गेले वाळवंट तुडवत. दोन्ही संगीतांचा थेट संबंध जोडणे चुकीचे ठरेल. तरी समुद्राच्या आणि वाळवंटाच्या दोन टोकांना परक्या मुलखात आणलेल्या माणसांनी तोच एक पूर्वज निवडावा, याने मी तिथल्या गर्दीत उभी असताना बराच वेळ गप्प झाले होते.

परत आल्यावर मी माळ्यावरून डग्गा काढला. पुडी उतरली होती, ती मढवून आणली. आता आठवड्यातून दोनदा रात्री जेवणे झाल्यावर महमूद गिनिया आणि सँडर्सचे ते मुद्रण लावते, आणि डग्ग्यावर एका मात्रेला एकच घुमारा देते, बाकी काही नाही. ठेका नाही, लग्गी नाही, तिहाईचा तर प्रश्नच नाही. पहिला तुकडा बराच लांब आहे. सुरुवातीला माझा हात बरोबर पडतो, मग क्राकेब ती मधली जागा सोडून सरकू लागतात आणि माझ्यातली विद्यार्थिनी मोजायला लागते. मोजायला लागले की हात हुकतो. परवा नवव्या मिनिटापर्यंत पोहोचले होते.